वालावलकरांचं पोवळं

मिरजेत निशिकांत मगदूमच्या चष्म्यांच्या दुकानात माणूस शिरला, की आधी त्याच्या नाकावरचा चष्मा उतरायचा आणि मग विचारपूस व्हायची. निशिकांत तो चष्मा उजेडाकडे धरायचा, "काय हे," असं पुटपुटायचा आणि खिशातल्या पिवळ्या फडक्यानं पुसून परत द्यायचा. माणूस नुसता पत्ता विचारायला आलेला असला तरी त्याची सुटका नसे. काचेवर डाग दिसला की निशिकांतला अन्न गोड लागत नसे. त्याची बायको रोहिणी सांगायची, की लग्न लावायला आलेल्या उपाध्येंचा चष्माही ह्यानं बोहल्यावरून उतरून पुसला होता. ही थाप असावी, पण ऐकणाऱ्यांना ती खरी वाटायची.

अशा माणसाच्या दिवाणखान्यात समुद्र होता. चार फूट लांब, दोन फूट उंच, काचेचा. खरा समुद्र तिथून घाट उतरून चार तासांवर. टाकीत पांढरी वाळू, खडक, दोन केशरी मासे आणि मधल्या खडकावर मुठीएवढं तपकिरी पोवळं, कडेला जांभळी झाक असलेलं. पाहुणे माशांचं कौतुक करायचे. निशिकांतचा जीव पोवळ्यात होता.

ते पोवळं वालावलकरांचं. भालचंद्र वालावलकर बंदरखात्यात इंजिनियर होते आणि सुट्टीत पाठीवर हवेचं नळकांडं बांधून मालवणच्या समुद्रात बुड्या मारायचे. पुढे पश्चिम किनाऱ्यावर सलग तीन उन्हाळे समुद्र तापला आणि तिथली पोवळी मेली. त्याच्या आदल्याच वर्षी वालावलकरांनी रीतसर परवानगी काढून एका पोवळ्याचे तुकडे वर आणले होते. ते वाण आता समुद्रात कुठेच उरलेलं नाही. अशी पोवळी सांभाळणाऱ्यांना सरकारनं नंतर 'राखणदार' म्हणून परवाने दिले, तेव्हा वालावलकर हसले होते. आमच्या कोकणात गावच्या राखणदार देवाला वर्षाला एक कोंबडं मिळतं, आम्हाला काय मिळणार, म्हणाले होते. ते गेले आणि पोवळं तीन घरांत राहिलं. सांगलीला त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंकडे, मिरजेत निशिकांतकडे आणि इचलकरंजीला इरफान मुजावर नावाच्या गॅरेजवाल्याकडे. मालवणचं पाणी जरा निवलं की तिथल्या प्रयोगशाळेतले लोक हेच तुकडे परत समुद्रात लावणार होते.

तीन घरं असायचं कारण वालावलकरांचा नियम. पोवळं एकाच घरात ठेवायचं नाही. ह्याला ते विरजण म्हणायचे. आपलं दही बिघडलं तर शेजारणीकडून वाटीभर विरजण आणता यावं, म्हणून तिला आपण आधी दिलेलं असावं, एवढा साधा विचार. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात. ह्या तिघांना देण्यासारखा समुद्र जवळ नव्हता, म्हणून त्या दिवशी ते एकमेकांना पोवळ्याचा बोटभर तुकडा द्यायचे आणि घरच्या पोवळ्याशेजारी लावायचे. वालावलकर गेल्यावरही ही रीत चुकली नव्हती.

आता पोवळं म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. पोवळं झाड नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे, हजारो तोंडांचा आणि जागचा न हलणारा. त्याच्या अंगात सूक्ष्म तपकिरी शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. हे शेवाळ उजेडावर साखर बनवतं आणि भाड्यापोटी ती पोवळ्याला देतं. पोवळ्याचं पोट बहुतांशी त्यावरच चालतं आणि रंगही ह्या भाडेकरूचाच. काही कारणानं भाडेकरू गेला, की उरतो एक पांढराफटक, उपाशी प्राणी. तो थोडे दिवस तग धरतो आणि मग मरतो.

आषाढ लागता लागता निशिकांतच्या टाकीत वाळूवर एक तपकिरी डाग दिसला. संध्याकाळपर्यंत त्याला तारा सुटल्या आणि तारांमध्ये हवेचे बुडबुडे अडकून लोंबू लागले. टाकीवाले ह्याला शेंबूड म्हणतात. दिसायला तो अगदी तसाच असतो. निशिकांतनं नळीनं तो ओढून काढला. दुसऱ्या दिवशी दुप्पट आला. त्यानं पाणी बदललं, गाळण्या बदलल्या, काचा घासल्या, खडक दात घासायच्या ब्रशनं घासले. शेंबूड पोवळ्याच्या पायथ्याशी पोचला.

गंमत अशी, की हा प्रकार घाणीतून येत नाही, फाजील स्वच्छतेतून येतो. माशांच्या विष्ठेतून पाण्यात थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट उतरतं. त्यावर साधं हिरवं शेवाळ आणि नाना जिवाणू जगतात आणि जागा अडवून बसतात. पाणी लख्ख केलं की ही गरीब मंडळी उपासमारीनं जातात आणि मोकळ्या जागेत हा दांडगा हातपाय पसरतो. इरफानच्या टाकीची मागची काच कायम हिरवीगार, तिच्यावर गोगलगाईंचे मेळावे भरायचे, पण शेंबूड तिकडे कधी फिरकला नाही. ह्यावर उपाय एकच, काही दिवस टाकीला हात न लावणं. निशिकांतला तो ठाऊक होता आणि तो त्याच्या हातून होणारा नव्हता.

इरफानला विचारता आलं असतं. पण गेली कित्येक वर्षं निशिकांत त्याच इरफानला फोटो बघून "अरे, काच पूस की जरा" म्हणून टोचत आला होता. आता कोणत्या तोंडानं विचारणार? त्यानं गुपचूप 'नितळ' मागवलं.

नितळ तेव्हा नवीन होतं. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र यायचं. त्यात आपल्या टाकीतल्या शेंबडाचा थेंब टाकायचा. यंत्र त्याची जनुकं वाचून कंपनीला कळवायचं आणि आठवड्याभरात घरी एक कुपी यायची. कुपीत खास त्या शेंबडासाठी घडवलेला विषाणू. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेची आणि प्रथिनांची एक नक्षी असते. कुलपासारखी. विषाणूकडे त्या एकाच कुलपाची किल्ली दिलेली असायची. तो आत शिरायचा, स्वतःच्या शेकडो प्रती काढायचा आणि पेशी फोडून बाहेर पडायचा. मासे, माणसं, गोगलगाई ह्यांना धक्का नाही. सगळा शेंबूड संपला की विषाणूलाही खायला उरत नाही आणि तोही संपतो.

कुपीवर मोठ्या अक्षरांत एकच सूचना होती. दीड महिना ह्या टाकीतलं पाणी, वाळू, मासा, पोवळं काहीही दुसऱ्या टाकीत जाता कामा नये. कारणही खाली दिलं होतं. अब्जावधी प्रती निघताना नकलेत चुका होतात. एखादी चुकीची किल्ली शेजारच्या कुलपाला लागू शकते, आणि शेंबूड आणि पोवळ्यातलं ते भाडेकरू शेवाळ ही एकाच कुळातली भावंडं आहेत. शक्यता फार थोडी, पण दीड महिना वाट पाहून यंत्रानं पाणी तपासावं, विषाणू शून्य दाखवला की मग खुशाल देवघेव करावी.

निशिकांतनं सूचना वाचली. चष्मेवाला असल्यामुळे बारीक अक्षरांतलीही वाचली. त्यानं कुपी ओतली आणि चार-पाच दिवसांत टाकी अशी झाली, की रोहिणी म्हणाली, "आता माझ्या सवतीची दृष्ट काढ."

दोन आठवड्यांनी नारळी पौर्णिमा आली.

त्या सकाळी निशिकांत सांगलीला गेला, तेव्हा त्याच्या पिशवीत पोवळ्याचा तुकडा होता. न नेता चाललं असतं? चाललं असतं. "बाई, यंदा माझ्याकडे औषध घातलंय, पुढच्या महिन्यात देतो," एवढंच म्हणायचं होतं. मग बाईंनी कसलं औषध विचारलं असतं आणि शेंबूड बाहेर पडला असता. निशिकांत मगदूमच्या टाकीत शेंबूड. दोन आठवडे काही झालं नाही, पोवळं ठणठणीत आहे, आता काय व्हायचंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. इरफान तापानं अंथरुणाला खिळला होता, तो आलाच नाही.

सुहासिनीबाई मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निशिकांत आठवीत त्यांच्या वर्गात होता आणि पन्नाशीला आला तरी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नसे. बाईंनी नारळीभात केला होता. तुकडा त्यांनी चिमट्यानं स्वतः लावला, त्यांच्या पोवळ्याच्या अगदी शेजारी.

"तुझं पाणी बघ कसं आहे," त्या म्हणाल्या. "यांनी बघितलं असतं तर मला ऐकवलं असतं. शीक जरा तुझ्या विद्यार्थ्याकडून, म्हणाले असते."

निशिकांतनं नारळीभात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आठवड्याभरात त्याच्या घरचं पोवळं कडेनं फिकट पडू लागलं. मग मधूनही. एका सकाळी दिवा लागला तेव्हा ते पांढरंफटक होतं. पाणी तापलेलं नव्हतं, खारटपणा बरोबर होता. निशिकांतनं नितळच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून यंत्राचा गोड आवाज आला. त्यानं टाकीचं माप विचारलं, तारखा विचारल्या आणि शेवटी विचारलं, "औषध घातल्यापासून आपण टाकीतलं काही दुसरीकडे दिलं आहे का?"

"नाही," निशिकांत म्हणाला.

"धन्यवाद. मग काळजीचं कारण आपल्या टाकीपुरतंच आहे," यंत्र म्हणालं.

खोटं बोलायला माणूस समोर असता तर कदाचित जीभ अडखळली असती. त्या दिवशी इरफानला आणि बाईंना त्यानं पोवळ्याचा जुना फोटो पाठवला. खाली लिहिलं, मस्त चाललंय.

बाईंचा फोन दोन दिवसांनी आला. "निशिकांत, जरा येऊन जा. माझ्या हातून काहीतरी झालंय."

तो गेला. बाई टाकीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. वालावलकरांचं मूळ पोवळं, समुद्रातून वर आलेलं पहिलं, दोन तळहातांएवढं, दुधासारखं पांढरं होतं. शेजारी निशिकांतचा तुकडा, तोही पांढरा. गुन्हेगार बळीच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि बाईंना तो दिसत नव्हता. पोवळ्याची बारीक तोंडं अजून उघडझाप करत होती.

बाई त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मोरीवर दोन नळ होते, एक गाळलेल्या पाण्याचा आणि एक महापालिकेच्या पाण्याचा. टाकीसाठी मीठ कालवायला महापालिकेचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्लोरिननं पोवळं मरतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"गेल्या गुरुवारी पाणी बदललं," बाई म्हणाल्या. "डबा ह्या नळाखाली लावला की त्या, हे मला आठवेना. खूप आठवून बघितलं. आता डोळ्यांसमोर येतंय. साध्या नळाखालीच लावला होता. पाण्याचा आवाज मोठा येत होता, तो साध्या नळाचाच." त्या थांबल्या. "असं होईल का रे माझ्या हातून?"

इथे निशिकांतला सगळं सांगता आलं असतं. बाईंनी प्रश्नच तसा विचारला होता, उत्तर द्यायला पुरेशी जागा ठेवून. निशिकांतनं नळांकडे बघितलं.

"होऊ शकतं, बाई," तो म्हणाला. "वयानं होतं. माझ्या आईचंही असंच झालं होतं."

बाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. महापालिकेच्या नळाला त्यांनी एक दोरा बांधून टाकला, पुन्हा चूक होऊ नये म्हणून.

निघताना निशिकांतनं टाकीतलं थोडं पाणी बाटलीत घेतलं, तपासतो म्हणाला. घरी येऊन यंत्रात थेंब टाकला. पडद्यावर विषाणूचा आकडा इतका मोठा आला, की यंत्रानं तो लाल रंगात दाखवला. रोहिणी मागे उभी होती. तिनं आकडा बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला.

"बाईंना सांगितलंस?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

रोहिणीनं त्या दिवसापासून टाकीचा विषय काढला नाही. निशिकांतला वाटायचं, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

अपराधी माणूस फार सेवा करतो. निशिकांत बाईंकडे दर दोन दिवसांनी जाऊ लागला. त्यांची औषधं आणली, विजेचं बिल भरलं, पंप साफ केला. आणि प्रत्येक फेरीला बाई थोड्या कमी झालेल्या दिसू लागल्या. आधी त्या गॅस बंद केला का ते एकदा बघायच्या, आता चार वेळा उठायच्या. बोलता बोलता मधेच विचारायच्या, "हे मी तुला मघाशी सांगितलं का?" सांगितलेलं नसायचं. पेपरमधलं कोडं सोडवणं त्यांनी बंद केलं, कारण एखादा शब्द अडला की त्यांना तोच पुरावा वाटायचा. नदीच्या उगमापासून मुखापर्यंतची गावं घडाघडा सांगणारी ही बाई आता भाजीवाल्याशी बोलतानाही शब्द तपासून वापरत होती. निशिकांत ते सगळं बघत होता आणि घरी येऊन जेवत होता.

बाईंचा मुलगा पराग बंगळुरूला होता. त्याचा निशिकांतला फोन आला. "निशिदादा, आई म्हणतेय तिला विसरायला होतंय. तिथे कुणी चांगला डॉक्टर असेल तर दाखवाल का? तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे."

निशिकांतनं दाखवलं. मिरजेत स्मरणशक्तीची तपासणी करणारे डॉक्टर होते, त्यांची वेळ त्यानंच घेतली, गाडी त्यानंच काढली. डॉक्टर सौम्य होते. त्यांनी बाईंना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं. बाईंनी गोल काढला, आकडे लिहिले आणि काटे काढताना पेन हवेतच थांबलं. तीस वर्षं पोरांना रेखांश-अक्षांश शिकवले आणि आता त्यांना लहान काटा कुठे जातो तेच सुचेना. त्यांनी निशिकांतकडे बघितलं. त्यानं पाठीवर हात ठेवला. सुती पातळाखाली त्यांची पाठ घामानं ओली होती.

डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखं ठामपणे काही दिसत नाही, भीतीनंही असं होतं, सहा महिन्यांनी परत बघू. निशिकांतनं परागला फोनवर सांगितलं, की घड्याळाचे काटे चुकले. बाकीचंही सांगायचं होतं, पण परागनं लगेच विचारलं, "एकटी राहू शकेल ती?" निशिकांत म्हणाला, "तुझ्याजवळ असलेली बरी." बाई लांब गेल्या तर रोज त्यांचं तोंड बघावं लागणार नाही, हा विचार तेव्हा त्याच्या मनात आला होता. आपल्या मनात असं काही येऊ शकतं ह्याची त्याला शिसारी आली, पण वाक्य बोलून झालं होतं.

दिवाळीनंतर बाईंनी बंगळुरूला जायचं ठरलं. घर भाड्यानं द्यायचं, टाकी रिकामी करायची.

ऐकलं नाही ते इरफाननं. त्यानं निशिकांतला फोन केला. "मगदूमदादा, बाईंना काही झालेलं नाही. माझ्या गाडीचा नंबर अजून त्यांना पाठ आहे, मला नाही. एकदा चुकलं पाणी, कुणाचंही चुकतं की. मी परागदादाशी बोललोय. मी म्हटलं, माझ्याकडचं विरजण बाईंच्या टाकीत लावतो. दिवाळीपर्यंत त्यांनी सांभाळून दाखवलं, तर त्यांना इथेच राहू दे. तो हो म्हणालाय."

"आणि नाही जगलं तर?"

"तर बाई स्वतःच जायला तयार आहेत. पण जगणार की. आता नळाला दोरा बांधलाय, पाणी सगळं बदललंय. तुमच्याकडचं द्यायचं का?"

"माझं नुकतंच कापलंय," निशिकांत म्हणाला. त्याच्या टाकीत तेव्हा एक पांढरा सांगाडा होता आणि त्यावर हिरवं शेवाळ धरू लागलं होतं.

"मग माझंच निम्मं आणतो रविवारी. तुम्हीही या."

पाणी बदलून विषाणू जात नाही. तो खडकात राहतो, वाळूत राहतो, मेलेल्या पोवळ्याच्या भोकांत राहतो. इरफानचा तुकडा त्या टाकीत आठवडाभर टिकला असता. त्यानंतर बाईंनी स्वतःच स्वतःविरुद्ध निकाल दिला असता आणि मरेपर्यंत कधी स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवला नसता. निशिकांतनं शनिवारी दुकानात तीन चष्म्यांचे नंबर चुकवले.

रविवारी सकाळी तो पोचला, तेव्हा इरफान आधीच आलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात तपकिरी तुकडा, कडेला तीच जांभळी झाक. दोन पाण्यांचं तापमान सारखं व्हावं म्हणून बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवलेली होती. थोड्या वेळानं ती कापायची आणि तुकडा आत सोडायचा. बाईंनी नवं पातळ नेसलं होतं. त्या पुन्हा पुन्हा पिशवीकडे बघत होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर मुलं बघतात तशा.

"झालं असेल आता," इरफान म्हणाला. "कापा बाई."

"माझ्या हातांचा भरवसा नाही रे. निशिकांत, कात्री तू धर."

निशिकांतनं कात्री घेतली. पिशवीचं वरचं टोक दुसऱ्या हातात धरलं. तोंडाला बांधलेलं रबर त्याच्या बोटाखाली ताणलेलं होतं.

"हे आत सोडायचं नाही," तो म्हणाला. "ह्या पाण्यात विषाणू आहे. माझ्या टाकीतला. पौर्णिमेला मी जो तुकडा दिला त्याच्याबरोबर आला."

मग त्यानं सगळं सांगितलं. शेंबूड, नितळ, दीड महिना, यंत्राचा लाल आकडा. आपल्याकडचं पोवळंही मेलं आणि पाठवलेले फोटो जुने होते, हेही. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं दोन महिने काढले होते.

इरफाननं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. "बाहेरून भिजलीय ही. बाई, स्पिरिट आहे का घरात?" त्यानं पिशवी पुसली, दुसऱ्या पिशवीत घातली, ती तिसरीत. हात कोपरापर्यंत धुतले. मग निशिकांतकडे न बघता म्हणाला, "म्हणजे आता माझ्याच घरात राहिलं. सगळ्या जगात. आणि निम्मं कापून मी इथे घेऊन आलो." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "परवाना देणाऱ्या खात्याला कळवायला लागणार, दादा. तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवतो." गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत निशिकांत उभा होता.

"म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, "नळ बरोबर होता?"

"हो, बाई."

"मी गाळलेलंच पाणी घातलं होतं?"

"गाळलेलंच. तुमचं काहीही चुकलं नाही."

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, दोन्ही नळांसमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. मोकळं, लहान मुलीसारखं हसू होतं ते. त्यांनी नळाचा दोरा सोडवला. डोळे पुसले. "देवा," म्हणाल्या, "मला वाटलं मी गेलेच." त्यांनी निशिकांतचा हात धरला आणि दाबला, आभार मानल्यासारखा. निशिकांतला वाटलं त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

मग बाईंचा हात सैल पडला.

"तुला कधी कळलं?"

निशिकांतनं गाळलेल्या पाण्याचा नळ उगाच घट्ट केला.

"तू बाटलीत पाणी नेलंस, त्या दिवशी?"

"नक्की त्या दिवशी कळलं. पण त्याच्या आधीही मला माहीत होतं."

"म्हणजे इथे, ह्याच नळापाशी, मी तुला विचारलं तेव्हा."

"हो."

"आणि डॉक्टरांकडे?"

"हो, बाई."

बाईंनी त्याचा हात सोडला. मग त्यांनी फोन उचलला आणि परागचा नंबर लावला, पाठ होता तो, आकडा न् आकडा दाबून. स्पीकर सुरू करून त्यांनी फोन ओट्यावर निशिकांतसमोर ठेवला.

"मी सांगितलं तर 'आईला असं वाटतंय' म्हणेल," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतो तो. तू सांग."

निशिकांतनं पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी अडखळत.

"निशिदादा," पराग शेवटी म्हणाला. "तुम्ही हे का सांगताय ते कळतंय मला. आईला इथे यायचं नाही. तुम्हाला तिचं बघवत नाही. पण तिच्यासाठी तुम्ही असं अंगावर ओढून घेऊ नका. त्या तपासणीला तुम्हीच होतात ना? काटे चुकले, हे तुम्हीच सांगितलंत मला. तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं, दादा. पण माझं ठरलंय, दिवाळीनंतर मी तिला घेऊन जाणार."

निशिकांतनं बाईंकडे बघितलं. "बाई, त्याला पटत नाहीये."

बाईंनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि फोन त्याच्या आणखी जवळ सरकवला.

"मग पटव," त्या म्हणाल्या. "मला पटवलंस तसं."